फॉर्मवर नसलेली आई

२००७ सालची गोष्ट. आपल्याकडे तेव्हा लोकांना एक नवंच खूळ लागलं होतं. योगेश शिंदे अंबडच्या ज्या कारखान्यात सुपरवायझर होता, तिथे जेवणाच्या सुट्टीत कोणी कोणाला पगार विचारत नसे. क्रेडिट कार्डाची लिमिट विचारत! योगेशची लिमिट वीस हजार, आणि त्याच्या हाताखालच्या माणसाची पन्नास. योगेशच्या घशाखाली घास उतरेना.

त्याने बँकेला फोन लावला. लिमिट वाढवायची तर नवा फॉर्म भरा, असं उत्तर आलं. फॉर्म घेऊन आलेल्या एजंटने वर फुकटचा सल्लाही दिला, "सर, तुमच्यावर अवलंबून किती माणसं, तिथे शून्य टाका. खाणारी तोंडं कमी दिसली की लिमिट लवकर वाढते."

बायको वेदिका शाळेत नोकरीला, तिचा प्रश्न नव्हता. राहिली आई. योगेशने शून्य टाकलं.

ही आई म्हणजे साळूबाई. नवरा अकाली गेल्यावर मखमलाबादच्या मळ्यातली भाजी पंचवटीच्या बाजारात नेऊन तिने वीस वर्षं विकली आणि पोराला डिप्लोमा करवला. गुडघे कामातून गेले, तशी ती पोराच्या फ्लॅटमध्ये राहायला आली होती.

"आई, शनिवारी बँकेकडून घर बघायला माणूस येईल. त्याने विचारलं तर शेजारची आहे म्हण."

कांदा चिरताना साळूबाईचे हात थांबले. "म्हंजी? मी हितं राहत नाय?"

"अगं, नुसतं म्हणायचं! कागदाचं काम आहे."

"बरं बाबा," ती म्हणाली. पोराचं काम अडू नये, एवढंच तिला कळलं. आता काय म्हणावं या शिकलेल्या माणसाला!

शनिवारी धोंडीराम गांगुर्डे आले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. बँकेसाठी घरोघर जाऊन फॉर्मवरची माहिती तपासायचे. "घरात कोण कोण?" त्यांनी विचारलं.

"मी आणि मिसेस. बस."

तेवढ्यात साळूबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. गांगुर्डे बघतच राहिले. ती गडबडली आणि पाठ केलेलं बोलून गेली, "मी शेजारची हाय."

"आक्का, अहो, तुमच्याकडून मी किती वर्षं मेथी घेतली! पोरगा पास झाला म्हणून तुम्ही माझ्या हातावर पेढा ठेवला होता. तो हाच ना योगेश?"

योगेशची मान खाली गेली. गांगुर्ड्यांनी पेन खिशात ठेवलं.

"साहेब, मी रोज दहा घरं बघतो. भाड्याचं घर स्वतःचं म्हणून सांगतात, मित्राची गाडी आपली म्हणून दाखवतात. पण आईला शेजारीण केलेलं आज पहिल्यांदा पाहिलं! कशासाठी? चार माणसांत मोठा आकडा सांगायला? उद्या हप्ते थकले, तर तुमच्यासाठी रडायला ही बाईच लागेल ना?"

"दादा, त्याला नका बोलू!" साळूबाई मध्ये पडली. "त्याचं काय चुकलं नाय. मीच म्हणले, मला शेजारची म्हण."

अरेरे! आताही ती त्याच्यासाठीच खोटं बोलत होती! योगेशला ते सहन झालं नाही. त्याने फॉर्म ओढून घेतला, शून्यावर काट मारली आणि लिहिलं: एक, आई. मग तिचे पाय धरून तो ढसाढसा रडला. साळूबाई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

लिमिट वाढली नाही. कारखान्यात लोक हसले, योगेशने हसू दिलं. वाटलं, झालं गेलं संपलं.

दिवाळीला कारखान्याचे मॅनेजर फराळाला आले. चकल्या घेऊन आलेल्या साळूबाईला त्यांनी सहज विचारलं, "आपण कोण?"

ती आधी योगेशच्या तोंडाकडे बघत राहिली, आज काय सांगायचं म्हणून.

"माझी आई आहे, साहेब," योगेश घाईघाईने म्हणाला.

मंडळी, फॉर्म दुरुस्त करता येतो, माफीही मागता येते. पण त्या म्हातारीला आपल्याच घरात आपण कोण, हे पोराला विचारावं लागतं, आणि ते भय तिच्या मनातून अजून गेलेलं नाही. तुमच्या दारातही असे एजंट येतील. पत हवी तर जरूर मागा, पण त्यासाठी घरातलं माणूस खोडू नका!