आतून दोरी, बाहेरून तळवे

रबराचा तुकडा तिच्या चिमटीत आला आणि तिथेच त्याचा भुगा झाला. काळा, कोरडा भुगा, नखांच्या खाचेत जाऊन बसणारा, साबणालाही दाद न देणारा. कधीकाळी हे रबर मऊ असेल, काचेला ओठासारखं बिलगून असेल... आता कोपऱ्याकोपऱ्यात चिरा पडल्या होत्या, आणि त्यांतून आलेलं पाणी नेमकं मागच्या सीटवर, लेकीच्या, शेंगेच्या छोट्या खुर्चीत ठिबकत होतं. गाडी सासऱ्यांच्या वेळची. “जाऊ दे गं, वर फडकं टाकू,” नवरा म्हणाला होता. सगळ्याच गळत्यांवर त्याचा हाच उपाय – वर फडकं टाकायचं.

आज तो बाहेरगावी होता, आणि मागची काच बसवायला दोन माणसं लागतात.

दुसरं माणूस बाह्या सरसावून गाडीमागे उभं होतं. नणंद.

“सांग बाई, काय करायचं ते. मला यातलं ओ की ठो कळत नाही. फुटलीबिटली तर माझ्या नावाने खडे फोडू नकोस, म्हणजे झालं.”

“नाही फोडणार, ताई.”

खडे कशाला फोडू, तिच्या मनात आलं, खड्यांनी माझं काय होणार आहे?

तिचे वडील जन्मभर गाड्यांच्या काचा बसवत आले होते, त्यामुळे हे काम तिच्या हाडात होतं. नवं रबर तिने काचेभोवती आधीच चढवलं होतं, त्याच्या आतल्या खाचेत साबणाच्या पाण्यात बुडवलेली दोरी फिरवून दोन्ही टोकं खाली मोकळी सोडली होती. “मी आत बसून दोरी ओढणार,” तिने समजावलं, “ओढली की रबराची कड पत्र्यावर चढते. तुम्ही बाहेरून काच दाबायची. जिथे दोरी, तिथे तळवा. मी पुढे गेले आणि तुम्ही मागे राहिलात, तर कोपऱ्यात तडकते.”

“म्हणजे तुझ्याकडेच बघत बसायचं की!”

“हो.”

वडील म्हणायचे, हे अबोला धरलेल्यांनी करायचं काम नव्हे. पण इथे अबोला कुठे होता? बोलणं चालू होतं, चहा चालू होता, सगळं कसं गोडीगुलाबीनं... डूख धरलेल्या माणसाइतकं नीट कोणीच बोलत नाही.

ती मागच्या सीटवर गुडघे टेकून बसली. नणंदेने काच उचलून चौकटीवर टेकवली, आणि काचेपलीकडे तिचा चेहरा आला – कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले, आणि दोन तळवे, पांढरे, दाबून पसरट झालेले...

तेव्हाही असाच होता तो चेहरा, काचेपलीकडे. शेंग वेळेआधी आली होती, हाताच्या पंजावर मावेल एवढी, काचेच्या पेटीत नळ्यांच्या गुंत्यात निजलेली. ती पेटीशी बसली होती, टाके ओढत होते, दूध येत नव्हतं. खोलीची भिंतही काचेची, तिच्यापलीकडे नवरा आणि नणंद. दार नीट लागलं नव्हतं. नवऱ्याने हळूच नावाचा विषय काढला, आणि नणंद म्हणाली – “नावाची कसली घाई? आधी राहतंय का ते तर बघू.”

राहतंय का. उतू जातंय का, करपतंय का, तसं – राहतंय का.

नाव ठेवणं राहिलंच मग. तिथल्या परिचारिकेने शेंग म्हणायला सुरुवात केली, ते चिकटलं. पुढे कागदोपत्री नाव झालं, पण त्या नावाने हाक मारताना आजही ती अडखळते, जणू कुणीतरी परवानगी द्यायची राहिली आहे.

आणि मग सगळे जण तिला समजवायला आले. नवरा आला, सासू आली. ताईंचं पहिलं बाळ गेलं ना, पहिल्याच दिवशी नाव ठेवलेलं, म्हणून त्या तसं बोलल्या, मनात काही नाही गं. तिला ठाऊक होतं. ठाऊक असल्यामुळे तर तिला ओरडताही आलं नव्हतं. हिचं दुःख आधीचं, हिचं दुःख मोठं... मग माझ्या रागाने कुठे जायचं? तो आत राहिला, शेंगेबरोबर वाढला, शेंगेपेक्षा बाळसेदार झाला.

उट्टं मात्र ती काढत आली होती, चिमटीचिमटीने. नणंदेने हात पुढे केले की “तिला नवी माणसं चालत नाहीत, ताई,” – आणि शेंग तर दूधवाल्याकडेही हसत झेपावायची. काका, मामा, आजी, सगळे शब्द शिकवले, ‘आत्या’ नाही. नणंदेने आणलेली टोपी नेहमी धुवायला पडलेली.

“ओढू?”

काचेपलीकडे मान हलली. दोरी सरकली, रबराची कड चुळुक आवाज करत पत्र्यावर चढली. खालची बाजू झाली. तळवा दोरीबरोबर चालत होता, एकही पाऊल न चुकता, आणि ते तिला नको होतं, हे शहाण्यासारखं चालणं. पहिला कोपरा. दुसरा. बाहेरचे आवाज एकेक करून विझत गेले. वरची बाजू. राहिला शेवटचा कोपरा, सगळ्यांत अवघड, तिथे नणंदेने सगळा भार टाकला होता, गालही जवळजवळ काचेला लागलेला.

एक हिसका. मी फक्त एक हिसका द्यायचा. जुनी काच आहे, म्हणेन. तुम्ही मागे राहिलात, म्हणेन. त्या तळव्यात एवढीशी रेघ उमटेल लाल, आणि मी धावत कापूस आणेन, फुंकर घालेन... मनात काही नाही हो ताई.

तिने दोरी बोटाभोवती गुंडाळली.

तेवढ्यात नणंदेने मान वळवली. घराच्या खिडकीकडे पाहिलं, हात उचलून ‘थांब’ केलं आणि धावली. कशाला? मग तिला कळलं, शेंग उठली होती. रडत असणार. आणि आपल्याला ऐकू आलं नाही... आपल्या पोरीचं रडणं, आणि ऐकू आलं ते हिला! दोरी सोडली तर कोपरा उसळून बाहेर येईल, म्हणून ती तशीच ताणून बसली, दात आवळून.

नणंद परत आली ती शेंगेला कडेवर घेऊन. शेंगेचं तोंड उघडं, काचेतून आवाज नाही. मग तोंड मिटलं. तिने नणंदेचं कानातलं धरलं, ओढलं. नणंदेने ओढू दिलं. एका हाताने पोर सावरत दुसरा तळवा तिने पुन्हा कोपऱ्यावर ठेवला, आणि शेंगेनेही पाहून पाहून आपला हात शेजारी थापला.

आता हिसका कसला! तिने दोरी ओढली, हळू, बोट-बोटभर. कोपरा बसला.

नंतर पाणी मारून बघायचं होतं. नणंदेने नळी काचेवर धरली, शेंग कडेवर खिदळत असावी, खांदे हलत होते. ती आतून रबरावरून बोट फिरवत गेली, खालून, वरून, त्या शेवटच्या कोपऱ्यात पुन्हा पुन्हा. एक तरी थेंब. बोट कोरडं. कुठेच काही चुकलं नव्हतं.

नणंदेने पुढचं दार उघडून डोकं आत घातलं. “काय गं, येतंय पाणी?”

“येतंय,” ती म्हणाली. “तुमच्या कोपऱ्यातून.”

नणंदेचा चेहरा पडला, क्षणभरच. “माझंच चुकलं, हात काढला ना मध्येच. काढू परत. आज नाही झालं तर उद्या येईन मी. होय की नाही गं शेंगे?”

तिने बोट मुठीत मिटून घेतलं. ही बाई उद्या येईल, परवाही येईल, जिथे काही गळतच नाही तिथे तळवे टेकून उभी राहील... तिला वाटलं होतं, हे म्हटल्यावर गार वाटेल. छातीत मात्र काहीतरी ओशाळं, अवघडलेलं हललं. ते रागासारखं नव्हतं, आणि ते कुठे ठेवायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

“द्या ना, आणा इकडे,” ती शेंगेसाठी हात पसरत म्हणाली. आणि शेंग वळलीच नाही तेव्हा, का कोण जाणे, तिने दुसऱ्यांदा मागितलं नाही.