चिकातला मका

आमचे हे चाऱ्याचे सल्लागार. दूध संघात नोकरी आणि दर सोमवारी शेतकऱ्यांच्या ग्रुपवर आवाजी निरोप. "शेतकरी बांधवांनो" म्हणून एकदा सुरू झाले की कोणता चारा कधी पेरायचा, कधी कापायचा, कोवळी ज्वारी जनावराला का बाधते, सगळं सांगून मोकळे. लोक मन लावून ऐकतात. ऐकून न ऐकल्यासारखं करणारा एकच माणूस होता, तो म्हणजे माझे वडील.

अण्णा मागच्याच गल्लीत राहतात. आई गेल्यापासून घरात ते एकटे आणि गोठ्यात एक गाय. तिचं नाव मालकीण. आईनंच ठेवलं होतं. म्हणायची, या घरात मी सोडून आणखी कुणाचं तरी हे ऐकतात, तर तिला मान नको का? पहाटे मालकीण हंबरते, मग अण्णा उठतात. "ती नसती तर उठायचं तरी कशाला," असं ते एकदा सहज बोलून गेले. तेव्हापासून पहाटे मी मालकिणीच्या हंबरण्याकडे कान लावून असते.

त्या हंगामात अण्णांचा मका चिकात आला. म्हणजे दाणा नखानं दाबला की पातळ दूध नाही, घट्ट चीक यायला लागला. मुरघासाला हीच वेळ. मका कापायचा, बारीक कुट्टी करायची, खड्ड्यात भरून तुडवून तुडवून हवा काढायची आणि वरून कागद झाकायचा. कोरडे महिने जनावर त्यावरच निघतं. मका उभा वाळला तर नीट दबत नाही, आत हवा राहते आणि बुरशी धरते. अण्णांचा तर तो एकच तुकडा. तो हातचा गेला तर मालकीण विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आणि अण्णा ढिम्म! "भरू दे की दाणा," म्हणायचे.

आमच्या सल्लागारांनी ग्रुपवर लेकी बोले सुने लागे सुरू केलं. "काही जणांचा मका अजून उभा आहे..." अण्णा मला म्हणाले, "जावईबापू गोड बोलतात हं." झालं! सगळं मुसळ केरात.

"अहो, सरळ जाऊन सांगा ना त्यांना," मी म्हटलं.

"सासऱ्यांना शेती शिकवू? माझी काय बिशाद!"

"गावाला शिकवताना बरी जीभ वळते! निदान फोनवर बोला. नाहीतर आज जेवायचं बघा तुमचं तुम्ही."

भुकेपुढे भल्याभल्यांचा संकोच गळतो. हे फोन घेऊन परसात गेले. परत आले ते पांढरेफटक पडून.

"अगं, अण्णांना पाठवायचं होतं. ग्रुपवर गेलं."

मी ऐकलं. रोजचा घसा खाकरलेला आवाज नव्हताच तो. "अण्णा, मका उद्या कापू या. तो वाळला तर मालकीण जाईल, आणि ती गेली तर तुम्ही सकाळी उठायचे नाहीत, या भीतीनं हिला झोप येत नाही. मलाही येत नाही. तुडवायला मी येतो. तुम्ही नुसते काठावर बसा."

मी फोन खाली ठेवला. यांचं ताट वाढलं.

सकाळी धावतपळत अण्णांकडे गेलो तर दारात ही गर्दी! कुट्टी मशीनवाला ट्रॅक्टरला मशीन जोडून आलेला. दूधवाल्याच्या खांद्यावर विळा. बांधावरून अण्णांशी अबोला धरलेला शेजारीसुद्धा चपला काढून उभा. अण्णा उंबऱ्यात बसलेले, डोळे लाल.

"मका कधी कापायचा ते मला कळत नव्हतं का रे?" ते यांच्यावरच ओरडले. "तुझ्या जन्माच्या आधीपासून कापतोय! गुडघे गेले माझे. कापायला मजूर मिळतील, पण दिवसभर खड्ड्यात नाचणार कोण? तुला सांगायचं तर तू जावई. कोणत्या तोंडानं सांगू?"

इथं घोडं पेंड खात होतं होय! दोघंही एकमेकांचा मान राखत बसलेले, आणि मका उन्हात.

यांनी चपला बाजूला काढल्या. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खड्ड्यात उतरले. मागोमाग तो अबोल्यातला शेजारी. अण्णा दिवसभर काठावरून ओरडत होते, "अरे, कडेला तुडव, कडेला! मधे काय फुगड्या घालतोस?" संध्याकाळी कागद झाकला, त्यावर माती पडली, तेव्हा मला हसू आणि रडू एकदमच आलं.

पुढच्या सोमवारी यांच्या निरोपाखाली आणखी एक निरोप आला. अण्णांचा. आधी बराच वेळ नुसतं मालकिणीचं हंबरणं, मग आवाज.

"माझा मका खड्ड्यात गेला. आता ज्याचा उभा असेल आणि हात कमी पडत असतील, त्यानं इथं सांगावं. लाजू नये. मी लाजलो आणि गाय घालवून बसणार होतो. मला तुडवता येत नाही, पण ओरडायला येईन."