अकराचा पेला

१९७५: स्पर्धा झाली नाही. कोर्टांची दुरुस्ती चालू असल्याचं कळवण्यात आलं.

१९७६: झाली नाही. दुरुस्ती चालू.

१९७७: कोर्टांवर गाड्या उभ्या करायची सोय झाली. स्लानित्सेच्या टेनिस चषकाचा इतिहास इथे संपतो. म्हणजे खरं तर त्याआधीच संपला होता.

१९७४: गुरुवारी आरोग्यधामाच्या संचालकांनी यार्मिलाला वर बोलावून घेतलं. यार्मिला खाली खांबांच्या ओवरीत झऱ्यांचं पाणी वाटायची. समोर रुग्णांची रांग, हातात तोटीचे पेले, अंगावर पांढरा एप्रन. वर जाताना एप्रन काढावा की राहू द्यावा, हे तिला ठरवता येईना. राहू दिला.

"बसा, कॉम्रेड," संचालक ट्रोनिचेक म्हणाले. "लुबोर कसा आहे?"

"बरा आहे. अभ्यास करतो."

"डॉक्टर व्हायचंय म्हणे चिरंजीवांना. अर्ज आलाय माझ्याकडे, शेरा मारायला." त्यांनी उठून खिडकी लावून घेतली. "त्याचे वडील कुठे असतात हल्ली?"

त्याचे वडील पाच वर्षांपूर्वी सुट्टीला म्हणून युगोस्लाव्हियात गेले, ते तिथूनच ऑस्ट्रियात पसार झाले. ट्रोनिचेकांना हे यार्मिलापेक्षा बारकाईने माहीत होतं.

"मला नाही माहीत."

"असू दे. मी सहज विचारलं. रविवारी अंतिम सामन्याला उपमंत्री येताहेत. त्यांची मुलगी मार्सेला खेळतेय, तुमच्या ब्लांकाशी. अकराचं पाणी कोण देणार?"

"मीच. दरवर्षी मीच देते."

"मग दरवर्षीसारखंच द्या."

"दरवर्षी ते पाहुण्याला जातं, साहेब."

"मग यंदा पाहुणा कोण, ते ठरवा. घाई नाही. रविवार लांब आहे."

१९२६: पहिली स्पर्धा. भरवणारे डॉक्टर क्रुमहोल्त्स यांचं म्हणणं असं, की स्लानित्सेत माणूस येतो तो पाणी प्यायला. खेळ आणि बाकी सगळं त्यानंतर. म्हणून ठरलं, की अकराला ओवरीतला बँड वाजायला लागला की चेंडू हवेत असला तरी खेळ थांबायचा. प्रेक्षकांतल्या रुग्णांनी आपापला पेला प्यायचा आणि दोन्ही खेळाडूंनीही त्यांच्याबरोबर प्यायचा. तिसऱ्या झऱ्याचं, कोमट, निरुपद्रवी पाणी. प्यायल्यावर पेला उलटा करून दाखवायचा. न पिणं म्हणजे झऱ्याचा अपमान आणि झऱ्याचा अपमान म्हणजे गावाचा.

१९३१: व्हिएन्नाचा एक देखणा पाहुणा अंतिम सामन्यात गावच्या दंतवैद्याला पार लोळवत होता. अकराला त्याच्या पेल्यात तिसऱ्याऐवजी सातव्या झऱ्याचं पाणी आलं. सातवा झरा ज्यांचं पोट आठवडाभर हललेलं नाही अशांना देतात, तेही अर्धा पेला आणि खोली संडासाशेजारी असेल तरच. गावात त्याला कोतवाल म्हणत, कारण तो आला की माणूस पळायचा. पाहुण्याला पाणी कडू लागलं असणार. पण इथलं सगळंच पाणी परक्याला घाण लागतं. थोड्याच वेळात त्याने रॅकेट टाकून धूम ठोकली. दंतवैद्य जिंकला. चूक झाली की केली, हे कुणी विचारलं नाही. सगळे हसण्यात गुंतले होते.

१९३२: उपविजेता, राजधानी प्राहाचा वकील. कोर्ट सोडलं.

१९३३: उपविजेता, ड्रेस्डेनचा कापडवाला. कोर्ट सोडलं.

१९३४: नवा नियम. सामना चालू असताना कुठल्याही कारणासाठी कोर्ट सोडणारा हरला.

१९४६: गावातली जर्मन माणसं गाठोडी घेऊन पाठवून दिली गेली आणि दुसरीकडची माणसं त्यांच्या घरांत राहायला आली. कपाटांत ताटल्या तशाच होत्या. कोर्टं, पेले, बँडची कागद ठेवायची घोडी, सगळं जागच्या जागी. कुणाला कुठलं पाणी द्यायचं हे शिकवायला म्हातारी ओतिलिये मागे राहिली होती, कारण तिचा नवरा चेक. तिने ते नव्या पोरींना मन लावून शिकवलं.

१९७४: रविवारी सकाळी ब्लांका बुटांना खडू लावत होती. सोळा वर्षांची, बापासारखी लांब हातांची. जिंकली तर प्राहाच्या प्रशिक्षण केंद्रात जागा मिळणार होती. बाकी मुलींसारखा तिने त्याचा गाजावाजा केला नव्हता. पलंगाखालची बॅग तेवढी झाडून ठेवली होती.

"आई, एक मागू?"

"माग."

"मार्सेलाला तिसऱ्याचंच दे. खरंच. मला तिला खेळून हरवायचंय. नाहीतर तिकडे गेल्यावर म्हणतील, पाण्यावर जिंकून आलीय."

लुबोर पावाला लोणी लावत म्हणाला, "बाईसाहेबांना आता न्याय पाहिजे. आठ वर्षांची असताना झाडावर चढून त्या पळणाऱ्यांना खडे कोण मारायचं गं?"

"तूच शिकवलंस."

"मी नेम शिकवला. खडे तुझे होते."

दोघंही हसली. यार्मिला म्हणाली, "तिसऱ्याचंच देईन," आणि बशा उचलून आत गेली. मार्सेलाबद्दल ती खोटं बोलली नव्हती.

सामना छान चालला. पहिला सेट ब्लांकाने सहा-तीन असा घेतला. उपमंत्री टोपीने वारा घेत होते, ट्रोनिचेक त्यांच्या बाजूला खुर्चीच्या कडेवर बसले होते. दुसऱ्या सेटमध्ये ब्लांका एका गेमने पुढे असताना ओवरीत बँड सुरू झाला. खेळ थांबला. यार्मिला तबक घेऊन निघाली. सोनेरी काठाचा पेला मार्सेलाचा. निळ्या फुलांचा ब्लांकाचा.

"आता बघा," ओतिलिये शेजारच्या बाईला कोपर मारून म्हणाली. ती नव्वदीला आली होती, पण हा एक दिवस तिला खाटेवरून उठवायचा. "प्राहाची पोर. पाय बघा किती लांब. जोरात पळेल."

"हळू बोला, ऐकतील."

"ऐकू दे की. पाणी चढल्यावर कान काय करणार?"

मार्सेलाने नाक मुरडत पेला संपवला आणि उलटा केला. टाळ्या पडल्या. ब्लांकाने पेल्याची तोटी ओठांत धरली आणि

१९५७: उपविजेता, ब्र्नोचा एक लाजाळू शिक्षक. यार्मिलाने स्वतःच्या हाताने दिलेला हा पहिला कोतवाल. तो शिक्षक कुंपणापर्यंतही पोचला नाही. यार्मिला पोट धरून हसली. त्या पोटात तेव्हा ब्लांका होती.

थांबली. एकच घोट घेतला होता. या गावातल्या मुलांना डोळे बांधून सगळे झरे ओळखता येतात.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "पेले बदललेस का चुकून?"

हो म्हणायला जागा होती. हो म्हटलं असतं तर यार्मिला तबक मागे घेऊ शकली असती, हसून, कपाळाला हात लावून. उपमंत्री पाहत होते. ट्रोनिचेक पाहत नव्हते. ते कोटावरचा धागा काढत होते.

"लुबोर," यार्मिला म्हणाली.

ब्लांकाने आईकडे पाहिलं. मग प्रेक्षकांत भावाकडे, जो तिला दोन्ही मुठी उंचावून दाखवत होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. तिने मान मागे टाकून पेला शेवटपर्यंत रिकामा केला, उलटा केला, झटकलाही, की थेंब राहू नये.

पुढचा काही वेळ सगळं गाव मार्सेलाकडे बघत होतं. ती वाकली की कुजबुज व्हायची, ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली की कुणीतरी तोंडाने बँड वाजवायचं. मार्सेलाला वाटलं, लोक आपल्यावर खूश आहेत. ती आणखी जोमाने खेळू लागली. ब्लांका मात्र धावायची कमी झाली. सर्व्हिसच्या आधी उभी राहून घ्यायची, पाय जुळवून, ओठ पांढरे करून. दुसरा सेट मार्सेलाने घेतला.

मग गावाला कळलं.

पंच खुर्चीवरून वाकून म्हणाला, "पोरी, जा. जा आत."

"नियम काय आहे?"

"नियम माहीत आहे तुला."

"मग सर्व्हिस कुणाची आहे तेवढं सांगा."

तिचा स्कर्ट पांढरा होता. सगळ्यांचेच पांढरे असत, तोही एक नियमच. मार्सेलाला काय झालंय ते समजलं तेव्हा तिने नेटजवळ हलकेच चेंडू टाकायला सुरुवात केली, म्हणजे ब्लांकाला पुढे धावून वाकावं लागेल. ब्लांका पुढे धावली आणि वाकली. पुन्हा धावली. तिच्या मोज्यांपर्यंत ओघळ आले होते.

आधी एकच माणूस हसला, तोही खोकल्यासारखा. मग बाकावरून बाकावर ते पसरत गेलं. गाव इतकी वर्षं या घटकेला हसत आलं होतं आणि यंदाही हसलं. यंदा कुणी पळत नव्हतं, एवढाच फरक होता. यार्मिला तबक छातीशी धरून कुंपणापाशी उभी होती. आपले गाल ताणलेत, दात उघडे पडलेत, हे दातांना हवा लागली तेव्हा तिला कळलं. तिने हात वर नेऊन तोंड झाकलं. हाताखालीही ते मिटत नव्हतं.

तिसऱ्या सेटमध्ये ब्लांकाचा खेळ संपलेलाच होता. ती चेंडू फक्त परत ढकलत होती. पण ती हाताळत असलेले चेंडू आता मार्सेलाला घ्यावे लागत होते. मार्सेला ते दोन बोटांनी उचलायला लागली, मग टॉवेलने. टॉवेलने उचललेला चेंडू नीट उडवता येत नाही. तिच्या सर्व्हिस जाळ्यात गेल्या, एकामागून एक. वाऱ्याने वास तिच्या बाजूला नेला की ती रेषेच्या मागे मागे सरकायची. अखेरीस तिने येणारा चेंडू न मारताच जाऊ दिला आणि रडायला लागली.

सात-पाच, ब्लांकाच्या बाजूने. गावच्या मुलीने चषक जिंकला. तिला जसा जिंकायचा नव्हता तसा.

ट्रोनिचेकांनी चषक गवतावर ठेवला आणि मागे झाले. उपमंत्र्यांची गाडी तोवर निघून गेली होती.

१९७४, ऑगस्ट: प्राहाहून कळवलं, मुली पुरेशा झाल्या आहेत. फोनवर मात्र तिकडचा माणूस मोकळेपणाने बोलला: "अहो, परदेशात पाठवायच्या असतात या मुली. लोकांना आठवेल हो."

त्याच महिन्यात ट्रोनिचेक ओवरीत आले आणि रांगेत उभं राहून त्यांनी तिसऱ्या झऱ्याचा पेला घेतला.

"शेरा चांगला मारलाय," ते म्हणाले. "तुम्ही तुमचं काम केलंत, कॉम्रेड. पोरगी हट्टी निघाली, त्याला तुम्ही काय करणार?"

लुबोर डॉक्टरी शिकायला ओलोमोउत्सला गेला. जायच्या आदल्या दिवशी त्याला कुठूनसं कळलं. तो ब्लांकाच्या खोलीच्या बंद दाराशी गेला. दाराला म्हणाला, "मी नाही जात."

आतून ब्लांका म्हणाली, "जा. तुझी किंमत मी दिलीय. फुकट घालवलीस तर बघ."

तो गेला. पत्रांत तो खोलीबद्दल आणि जेवणाबद्दल लिहितो.

१९७८: स्लानित्सेत आता कोतवाल फक्त रुग्णांना देतात. ब्लांका तळघरातल्या स्नानगृहात मालिश करते. तिचे हात चांगले आहेत, रुग्ण तिचं नाव सांगून वेळ मागतात. मायलेकी अजून त्याच दोन खोल्यांत राहतात, कारण दुसरी जागा मिळत नाही. ब्लांका बोलते. दूध संपलंय सांगते, गॅसचं बिल आलंय सांगते, आई आजारी पडली तर औषध आणते. पण आईच्या हातातून काही घेत नाही. ताटली, मीठ, पावाचा तुकडा, काहीही. सुरुवातीला यार्मिला हात पुढे करून उभी राहायची, कधी कधी हात भरून येईपर्यंत.

आता यार्मिला वस्तू टेबलावर ठेवते आणि स्वयंपाकघरात जाते. मग बाहेर ती उचलल्याचा आवाज येतो.