साय की बदामी

धुळ्यात सुगनचंदांनी नवं घर बांधलं, पण बैठकीच्या भिंतींचा रंग काही ठरेना. मुलगा लखीचंद याने भुसावळला रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यात दुधावरच्या सायीसारखा रंग पाहिला होता; त्याला तोच हवा होता. सुगनचंदांना बदामी बरा वाटत होता, त्यावर धूळ दिसत नाही म्हणून. रंगारी झुलालने चुन्यात पिवळी माती कमीजास्त कालवून दोन्हींचे दाराएवढे पट्टे शेजारीशेजारी मारून दिले. सुकल्यावर बदामी जरासा गडद, एवढाच काय तो फरक उरला.

"दोन्ही एकच शेतस," आपल्या अहिराणीत म्हणत झुलाल हसला.

सून लाडकुंवर या चर्चेत नव्हती. सासऱ्यांसमोर तोंडावर पदर आणि त्यांच्याशी बोलणं नाही, अशी घरची रीत. पण सासूबाई प्रेमकुंवर यांच्याजवळ ती सदान्‌कदा असे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता आणि त्या तो कुणाला कळू देत नव्हत्या.

एका दुपारी पांढरं धोतर, पांढरा अंगरखा अशा वेशात सुगनचंद सायीच्या पट्ट्यापुढे उभे होते. प्रेमकुंवर तिकडेच बघत सुनेला हळूच म्हणाल्या, "हे अजून दुकानातून आले नाहीत?" सुगनचंद सरकून बदामीपुढे आले, तशा त्या चपापल्या आणि पाणी आणायला उठल्या.

लाडकुंवरने तेव्हा काहीच दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याला तसंच पांढऱ्या कपड्यांत, न बोलता, दोन्ही पट्ट्यांपुढे उभं राहायला सांगितलं आणि सासूबाईंना दारात आणलं. सायीपुढचा मुलगा आईला दिसला नाही. बदामीपुढचा दिसला.

लखीचंदने आईला आत नेऊन बसवलं. मग लाडकुंवरला म्हणाला, "मी तिचा मुलगा, आणि मला हे कळलं नाही." सायीचा हट्ट त्याने सोडला आणि वडिलांना कारणही सांगितलं.

बैठक बदामी झाली. दिवाळीला पाहुणे आले, तेव्हा प्रेमकुंवर एकेकाला नावाने हाक मारून बसायला सांगत होत्या. सुगनचंद ते बघत राहिले. मग स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन, पाठमोरे उभे राहून म्हणाले, "सूनबाई, दुकानाच्या भिंतींचा रंगही तुम्हीच ठरवा."

पदराआडून लाडकुंवर पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलली. "आधी तिथे कोण कुठे बसतं ते मला बघावं लागेल, बापूजी."