मामाच्या नावावरची गाठ

कडावच्या विमलबाईंच्या रुद्रचं ऑपरेशन झालं ते अपेंडिक्सचं, असं गावात सांगायचं ठरलं होतं. आधी हर्निया ठरला होता, पण हर्निया म्हटलं की लोक नेमका कुठे ते विचारतात. अपेंडिक्सला तो त्रास नाही. खरी गोष्ट अशी, की सव्वीस वर्षांच्या त्या पोराच्या उजव्या वृषणात सहा महिने गाठ होती. दुखत नव्हती म्हणून त्याने ती कुणाला सांगितली नाही, आणि सांगितली तेव्हा लग्न दीड महिन्यावर आलं होतं. कर्जतच्या डॉक्टरांनी वृषण काढलं, बरणीत घातलं आणि म्हणाले, हे लॅबमध्ये तपासायला न्या. बरणी नेली धाकलूमामाने. लग्नात मामाला मान असतोच, याला तो जरा आधी मिळाला.

धाकलू विमलबाईंचा थोरला भाऊ. वय त्रेसष्ट, आणि गावात कुणाचं काही अडलं की शहाणपण घेऊन सर्वांत आधी पोचणारा. कर्जतच्या लॅबमध्ये नवरीची आतेबहीण कामाला होती, म्हणून तो एसटीने थेट शिळफाट्याच्या लॅबमध्ये गेला. वाटेत त्याला आणखी सुचलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि बरणीवर रुद्रचं अख्खं नाव होतं, आडनावासकट. त्याने चिठ्ठी फाडून खिडकीबाहेर सोडली, बरणीवरचं लेबल नखाने खरवडून काढलं आणि लॅबमध्ये छातीठोकपणे स्वतःचं नाव आणि स्वतःचं वय सांगितलं. चिठ्ठी म्हणे हरवली. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि भाच्याचं लग्न आता कोण मोडणार? घरी येऊन त्याने ही युक्ती सांगितली तेव्हा विमलबाईंना भरून आलं. असा भाऊ नशिबाने मिळतो, असं त्या दोनदा म्हणाल्या.

पाचव्या दिवशी लॅबमधून फोन आला. पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर अनुपम यांनी त्याला समोर बसवलं.

"काका, गाठ कॅन्सरची आहे. पण एक गोष्ट जुळत नाही. अशा पेशी मला तरुण मुलांच्या गाठीत दिसतात. तुमच्या वयात अशी गाठ निघाली तर आधी दुसऱ्याच कॅन्सरचा संशय घ्यावा लागतो, आणि त्याची औषधं वेगळी. तुमचं ऑपरेशन केलं कुणी?"

"झालं एकांकडं," धाकलू म्हणाला.

"बरं. पडद्यामागे चला, टाके बघू."

पडद्यामागे धाकलू लेंग्याची नाडी धरून उभा राहिला. कागदावर माणूस काहीही होऊ शकतो, पण लेंग्याच्या आत देवाने दिलेलं सगळं शाबूत होतं आणि टाका एकही नव्हता. उभ्या आयुष्यात त्याला आपल्या धडधाकटपणाची एवढी लाज वाटली नव्हती.

"डॉक्टर, माजं नाय त्ये," तो पडद्याआडूनच म्हणाला. "भाच्याचं हाय. लग्न हाय त्याचं."

डॉक्टर रागावले नाहीत, त्यामुळे धाकलूला जास्तच लागलं. सव्वीस ऐकल्यावर त्यांचा चेहरा उलट सैल झाला. या वयातली अशी गाठ बहुतेक बरी होते, ते म्हणाले, पण स्कॅन आणि रक्ताच्या तपासण्या याच आठवड्यात व्हायला हव्यात. कर्जतच्या डॉक्टरांशी ते स्वतः बोलणार होते. औषधं घ्यावी लागली तर त्याआधी वीर्य साठवून ठेवायचं, म्हणजे पुढे मूलबाळ होईल. लग्न तूर्त पुढे ढकला, असंही त्यांनी सांगितलं. मग कोरा कागद पुढे सरकवून, ही बरणी कुणाची, ते लिहून द्यायला सांगितलं. धाकलूने रुद्रचं नाव लिहिलं, आडनावासकट.

बाहेर येऊन त्याने विमलबाईंना फोन लावला.

"क्यान्सर हाय गं, विमल."



"पन कागद तुज्याच नावावर हाय ना, दादा?" त्या हळूच म्हणाल्या. "मंग लग्नापत्तुर ऱ्हाऊ दे की तसाच."

धाकलूला स्वतःचीच भीती वाटली. ही अक्कल तिला त्यानेच शिकवली होती.

"माज्या नावावर मलाच औषद देतील गं. पोराला कोन देनार? कागद बदलला मी."

आता विमलबाई रडू लागल्या. "पोरीकडच्यांना काय सांगू रं मी? मान्सं काय म्हनतील?"

"पोरगा जगंल म्हनून सांग. डॉक्टर म्हनतो जगंल. त्याच्याफुडं काय सांगायचं ऱ्हायलंय?"

त्या रडत राहिल्या. मग नाक ओढत त्यांनी विचारलं, उद्या रुद्रला घेऊन किती वाजता यायचं.