सिमेंट बघून येते

राजकोटला लवजीभाईंच्या घरी त्या सकाळी गाठिया-चहा उरकायची घाई चालली होती. नऊ वाजता त्यांच्या नव्या अकरा मजली इमारतीचं खातमुहूर्त, म्हणजे पायाभरणीची पूजा होती. पूजेचं सगळं सामान थोरली सून जल्पा हिनंच भरलं होतं.

गाडीत ती म्हणाली, "बापुजी, आत्ता सिमेंट ठेवायला जागा नाही. वीस तारखेनंतर मागवलंय."

"तू केलंस ते बरोबरच असणार."

असं ते नेहमीच म्हणत. मुलगा निलेश गेला तेव्हा त्यांचा धंदा दुमजली घरांपुरता होता. निलेशच्या या बायकोनं चार वर्षांत तो इथवर आणला. साइटवर मिस्त्रीसुद्धा तिला विचारल्याशिवाय पुढे जात नसे.

पूजा सांगणारे गोर महाराज आले. धाकटा परेश आणि त्याची बायको पाटावर बसली. जल्पानं तबक मांडून दिलं, हात पुसले आणि म्हणाली, "मी सिमेंट बघून येते."

हे वाक्य लवजीभाईंचंच होतं. चार वर्षांपूर्वी, विधवा पूजेसमोर नको म्हणून त्यांनीच हळूच म्हटलं होतं, "वहू, जरा सिमेंट आलंय का बघून ये." त्यानंतर तिला कधी सांगावं लागलं नाही, आणि यांनी तिला समजूतदार म्हणून चारचौघांत मिरवलं. आज तर सिमेंट नव्हतंच. दोघांनाही ते ठाऊक होतं.

"शेठ, पहिली वीट तुमच्या हातची," गोर महाराज म्हणाले.

"माझी बायको जाऊन अकरा वर्षं झाली, महाराज."

"पुरुषाला त्याचा दोष नसतो हो."

लवजीभाईंनी वीट उचलली, पण ते खड्ड्याकडे गेले नाहीत. "मग मीही सिमेंट बघून येतो," ते म्हणाले.

"पप्पा, मुहूर्त टळेल," परेश मागून म्हणत राहिला.

पत्र्याच्या रिकाम्या शेडमध्ये जल्पा पालथ्या घमेल्यावर बसली होती. ती गडबडून उठली.

"चल वहू. वीट तू ठेवायचीस."

"आणि लोक, बापुजी?"

"ज्यांना चालणार नाही त्यांना सिमेंट बघायला पाठवू."

जल्पा हसली नाही. "आधीच्या सात इमारती मीच उभ्या केल्या. तेव्हा का नाही आलात?"

लवजीभाईंनी वीट तिच्यापुढे धरली. तिनं त्यांच्या हातून वीट घेतली आणि खड्ड्याकडे चालू लागली.

वीट तिनंच ठेवली. पण आजही त्या सात इमारतींसमोरून गाडी जाते, तेव्हा लवजीभाई मान वर करत नाहीत.