मागचे दोन

सखाराम सरांनी पालीच्या बाजारात, चहाच्या टपरीवर बसून सांगितलं की रघूने मला दोन मुके डबे विकले. डबे म्हणजे स्पीकर. रघू म्हणजे मी. २००३ सालचा एप्रिल. कॉम्प्युटरचं दुकान उघडून मला सात महिने झाले होते आणि दहावीला विज्ञानात नापास झालेल्या माणसाच्या हातात लोक आपलं मशीन कुठे जरा द्यायला लागले होते. ज्यांच्या विषयात नापास झालो ते मास्तर हेच. बाजारात त्यांचा शब्द म्हणजे शिक्का. तो शिक्का माझ्यावर बसला असता तर पालीतच काय, हातखंब्यापर्यंत कुणी मला माऊस पुसायलासुद्धा दिला नसता.

आता खरं सांगतो, लाज धरून लिहायचं असेल तर लिहूच नये. सराउंड साउंड म्हणजे काय ते मलाही कळत नव्हतं. खोक्यावरचं वाचलं होतं तेवढंच. पाच लहान स्पीकर, एक धमधम करणारा मोठा डबा, तीन रंगांच्या पिना. हिरवी पुढच्यांची, काळी मागच्यांची, नारिंगी मधल्याची आणि धमधम्याची. रंगाला रंग जोडायचा, झालं काम. एवढ्या ज्ञानावर मी सेट विकत होतो. मुंबईतले काचेच्या दुकानांतलेही तेवढ्यावरच विकत होते, फक्त गळ्यात टाय असायचा.

वायरी जोडायला येतो म्हटलं तर सर म्हणाले, ध्वनीचा धडा मी वीस वर्षं शिकवतोय, मला काय जोडून देतोस. मग संध्याकाळी फोन आला, ते मागचे दोन कुठे लावायचे? मी म्हटलं, मागे लावा.

त्यांनी मागे लावले.

सरांचं घर आपल्याकडच्या चार घरांसारखं. पुढे ओटी, मधे माजघर, मागे पडवी. आपल्याकडे मागे म्हटलं की पाठीमागे असं कुणाच्या डोक्यात येत नाही, मागची पडवीच येते. कॉम्प्युटर ओटीवर. सरांनी दाराच्या बेलची वायर जोडत जोडत माजघरातून नेली आणि ते दोन स्पीकर मागच्या पडवीच्या वाशाला टांगले. तीन आठवडे वाट बघितली. मग टपरीवर जाऊन मला मुक्या डब्यांचा व्यापारी केला.

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. सरांनी एक भावगीत लावलं आणि मला मागे पाठवलं. मागे सामसूम.

"काय ऐकू येतंय?" ओटीवरून त्यांनी विचारलं.

"काही नाही, सर."

"वर्गातही तुला काही ऐकू यायचं नाही."

मी वायर हातभर हातभर तपासली, कुठे तुटलेली नाही. त्या दोघांची पिन काढून पुढच्या हिरव्या भोकात घातली, तर दोघे खणखणीत गायला लागले. पुन्हा काळ्यात घातली, पुन्हा गप्प. म्हणजे डबे मुके नव्हते, आणि का बोलत नव्हते ते मला सांगता येत नव्हतं. सर हाताची घडी घालून ओटीवर बसलेले. मी परत पडवीत येऊन उभा.

तिथे सरांच्या बायको, कमळाकाकू, ओले काजूगर सोलत बसल्या होत्या. बोटं चिकाने काळी पडलेली. तीन आठवडे ते स्पीकर त्यांच्याच डोक्यावर टांगलेले होते, आणि त्यांना कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. मीही नाही. त्याच आपणहून बोलल्या, मान वर न करता.

"बिघडलेले नाहीत ते. गाण्याला गप्प असतात. सिनेमा लावला की सुरू होतात."

"मग सर नाही कसं म्हणतात?"

"हे तपासायला येतात तेव्हा गाणं लावून येतात. सिनेमाला ओटीवरून कुणी उठत नाही."

मी विचारलं, सिनेमातलं काय बोलतात हे दोघे?

"बोलत काहीच नाहीत. माणसं सगळी तुमच्याकडे, पुढे. माझ्याकडे पानं वाजतात, पाणी ठिबकतं, रातकिडे ओरडतात. ते रातकिडेही आपल्याकडचे नव्हेत, वेगळेच कायसे." त्यांनी एक गर सोलून ताटात टाकला. "पुढच्यांत माणसं आहेत रे. ह्यांच्यात जागा आहे."

मी तिथेच खाली बसलो. खोक्यातल्या कागदावर इंग्रजीत दोन पानं खरडून कंपनीला जे सांगता आलं नव्हतं, ते ह्या बाईने काजू सोलता सोलता सांगितलं. गाण्याच्या सीडीत आवाज दोनच वाटांनी भरलेला असतो, सिनेमाच्या डिस्कमध्ये सहा वाटांनी. गाण्यात मागच्यांसाठी काही ठेवलेलंच नसतं, ते वाजवणार काय? मला हे त्या क्षणी कळलं. त्यांना आठवडाभरात कळलं होतं.

आणि त्या तेवढ्यावर थांबल्या नव्हत्या. रातकिड्यांच्या त्या जंगलाच्या सिनेमात एक हेलिकॉप्टर होतं. ते ओटीवर सुरू व्हायचं, माजघरात हरवायचं आणि मग पडवीत निघायचं. मधे जातं कुठे, हे काकूंच्या डोक्यातून जाईना. म्हणून एके दिवशी हातातलं सूप तसंच घेऊन त्या माजघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"तिथे दोन्हीकडचं जुळतं," त्या म्हणाल्या. "डोक्यावरून गेलं माझ्या. मग हे ओरडले, कामं टाकून उभी काय राहिलीस म्हणून."

सगळ्या स्पीकरांचा आवाज जुळतो ती जी जागा डिप्लोमावाले मोजायची टेप लावून शोधतात, ती त्यांनी दोन पायांवर शोधली होती.

मी स्पीकर उतरवले, ओटीवर सरांच्या खुर्चीमागे दोन बाजूंना खिळे ठोकून लावले आणि सिनेमा सुरू केला. हेलिकॉप्टर समोरून आलं, सरांच्या टकलावरून गेलं, आणि वीस वर्षं ध्वनी शिकवलेल्या माणसाने मान वळवून मागच्या भिंतीकडे बघितलं. मी म्हटलं, मागचे म्हणजे बसणाऱ्याच्या मागचे, सर. हे मला कुणी समजावलं ते मात्र मी बोललो नाही. तेवढा भित्रेपणा केला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी टपरीवर सर सगळ्यांना सांगत होते, पोरगा हुशार निघाला, शेवटी हाताखालून गेलेला कुणाच्या! माझं नाव धुऊन निघालं होतं. गप्प बसून चहा प्यायचा, एवढंच काम होतं. नाही जमलं.

"मला काही कळलं नव्हतं, सर. काकूंनी सांगितलं."

"कमळाने? तिला काय कळतंय त्यातलं?"

मग मी सगळं सांगितलं, स्वतःला न कळता सेट विकला तेसुद्धा. एकजण म्हणाला, म्हणजे तू न समजता माल खपवतोस. मी म्हटलं, खपवत होतो, आता समजलंय, घेऊन या तुमचा सेट. दुसऱ्या दिवशी तो खरंच दुकानात आला.

बाकीचे पांगल्यावर सर आवाज खाली आणून म्हणाले, "नक्की काय म्हणाली ती?"

मी सांगितलं नाही.

"काकूंना विचारा," म्हटलं. "माझ्यापेक्षा त्या चांगलं सांगतात."